१९२० साली अमेरिकेतल्या बायकांना मत मिळालं. नक्की कोणत्या बायकांना?

कौलारू

२६ ऑगस्ट जवळ आला की ऑफिसात एचआरची ठरलेली ईमेल येते. १९२० साली या दिवशी एकोणिसावी घटनादुरुस्ती लागू झाली, अमेरिकेतल्या स्त्रियांना मताधिकार मिळाला, दुपारी तीनला पँट्रीत कपकेक. कपकेकला माझी ना नाही. पण त्या १९२० वर जरा बोलायचंय, म्हणून हा धागा.

मिसिसिपी राज्यात सनफ्लॉवर काउंटी म्हणून कापसाचा मुलूख आहे. तिथे फॅनी लू हेमर नावाची बाई होती. वीस भावंडांतलं शेंडेफळ, कळायला लागल्यापासून दुसऱ्याच्या मळ्यात कापूस वेचणारी. १९२० साली ती तीन वर्षांची. पुढे त्याच भागातल्या एका मळ्यावर ती हजेरीचं रजिस्टर सांभाळायला लागली, म्हणजे लिहिता-वाचता उत्तम येत होतं. आणि कृष्णवर्णीय माणसाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं हे तिने पहिल्यांदा ऐकलं ते १९६२ साली, चर्चमधल्या एका सभेत, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. म्हणजे कपकेकवाली तारीख उलटून बेचाळीस वर्षं झाल्यावर.

३१ ऑगस्ट १९६२ ला रूलव्हिलहून अठरा जण एका जुनाट बसने इंडियनोलाच्या कोर्टात नाव नोंदवायला गेले. तिथे आधी एक लांबलचक फॉर्म. त्यात तुम्ही कोणाकडे कामाला आहात हेही लिहायचं. (ते लिहिलं की संध्याकाळच्या आत मालकाला निरोप पोचलाच म्हणून समजा.) मग कारकुनाने मिसिसिपीच्या राज्यघटनेतलं 'डी फॅक्टो' कायद्यांबद्दलचं एक कलम पुढे सरकवलं. हे उतरवून काढा आणि याचा अर्थ सांगा. बाई नंतर म्हणायच्या, घोड्याला नाताळाबद्दल जेवढं कळतं तेवढंच मला त्या कलमाबद्दल कळत होतं. उतरवलं बरोबर, अर्थात नापास.

परतीच्या वाटेवर पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा आहे, फार पिवळा आहे, शाळेच्या बससारखा दिसतो. शंभर डॉलर दंड. घासाघीस होऊन तीसवर आला, तो सगळ्यांनी मिळून भरला. घरी पोचतात तो मळेमालकाचा निरोप तयार. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. बाईंनी सांगितलं, मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. अठरा वर्षांचं काम आणि घर त्याच रात्री सुटलं.

आता कोणी विचारेल, एकोणिसावी दुरुस्ती असताना हे चालत कसं होतं? गोम मसुद्यातच आहे. ती दुरुस्ती कोणाच्या हातात मत ठेवत नाही. स्त्री आहे म्हणून मताधिकार नाकारायचा नाही, एवढंच ती राज्यांना बजावते. आधीची १८७० ची पंधरावी दुरुस्तीही त्याच साच्यातली. वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामी हे कारण सांगून नाकारायचं नाही. ठीक आहे, दक्षिणेतली राज्यं म्हणाली, आम्ही दुसरं कारण सांगतो.

मिसिसिपीने १८९० साली नवी राज्यघटना केली. वर्षाला दोन डॉलरची डोईपट्टी बसवली आणि घटनेतलं कलम वाचता किंवा समजावून सांगता आलं पाहिजे अशी अट घातली. समजलं की नाही हे ठरवणार गोरा कारकून. अडाणी गोऱ्याला दोन ओळींचं सोपं कलम, कृष्णवर्णीय मास्तरला पानभर. लुइझियानाने १८९८ साली त्यावर कडी केली. जो स्वतः, किंवा ज्याचा बाप वा आजा, १ जानेवारी १८६७ ला मतदार असेल त्याला अटी माफ. त्या तारखेला तिथे कृष्णवर्णीयांना मतच नव्हतं, हे तारीख काढणाऱ्यांना नेमकं ठाऊक होतं. लुइझियानात १८९६ साली नोंदणी झालेले कृष्णवर्णीय मतदार १,३०,३३४ होते. १९०० साली ५,३२० उरले, १९०४ साली १,३४२. आणि कुठल्याही कागदावर 'काळ्यांना मत नाही' असं वाक्य नाही.

तर माझं म्हणणं असं, की दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना १९२० साली मिळाला तो नवऱ्याच्या बरोबरीने नापास व्हायचा हक्क. त्यांच्यापुरतं खरं साल १९६५, मताधिकार कायद्याचं. हाणा आता.

चिंचगूळ

वाखुसा (वाचनखूण साठवली). बसचा रंग फार पिवळा!! हे सुचतं तरी कोणाला?

बारा_गावचं_पाणी

कौलारू, लेख आवडला, पण १९२० ला इतकं स्वस्तात काढू नका. १८४८ साली सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्क सभेत मताधिकाराचा ठराव मांडला तेव्हा तो अतिरेकी वाटला होता, आणि उचलून धरायला उभा राहिला तो फ्रेडरिक डग्लस, स्वतः गुलामीतून पळून आलेला माणूस. त्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत ६८ बायका आणि ३२ पुरुष. त्यातली एकच बाई १९२० साली जिवंत होती, शार्लट वुडवर्ड. तब्येत साथ देईना म्हणून तीही मतदानाला जाऊ शकली नाही. बहात्तर वर्षं घासली त्यांनी.

आणि शेवटही काही हलवा-पुरी नव्हता. ४८ पैकी ३६ राज्यांची मंजुरी हवी, ३५ झालेली, सगळा भार टेनेसीवर. विरोधकांच्या कोटावर लाल गुलाब, समर्थकांच्या पिवळा. ठराव बाजूला टाकायच्या सूचनेवर ४८ विरुद्ध ४८. मग मुख्य मतदान. हॅरी बर्न नावाचा चोवीस वर्षांचा आमदार, कोटाला लाल गुलाब, पण खिशात आईचं पत्र: शहाण्या मुलासारखा वाग आणि कॅटबाईंना (मताधिकार चळवळीच्या पुढारी) मदत कर. त्याने 'हो' म्हटलं आणि फासा पलटला. १८ ऑगस्ट १९२०. हे झालं नसतं तर १९६५ कशाच्या पायावर उभं राहिलं असतं?

निवांत_पोपट

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

अवांतर: हॅरी बर्नच्या आईला साष्टांग दंडवत. आमच्या मातोश्रींचं पत्र खिशात असतं तर त्यात किराणा असता.

कौलारू

@बारा_गावचं_पाणी, पाया म्हणता ते मान्य. पण पाया घालताना कोणाला गवंडीकामाला ठेवलं आणि कोणाला घरात घेतलं तेही बघा ना.

३ मार्च १९१३, वॉशिंग्टन. राष्ट्राध्यक्ष विल्सनच्या शपथविधीच्या आदल्या दिवशीचा तो प्रसिद्ध मोर्चा, सगळ्यात पुढे पांढऱ्या घोड्यावर इनेझ मिलहॉलंड. आयडा वेल्स शिकागोहून इलिनॉयच्या तुकडीबरोबर आलेली. जमावाच्या हातून होणाऱ्या हत्यांवर तिने जे लिहिलं त्यापायी मेम्फिसमधला तिचा छापखाना फोडला होता, असली बाई. तिला सांगण्यात आलं, दक्षिणेच्या बायका बिथरतील, तुम्ही मागे कृष्णवर्णीयांच्या तुकडीत चला. ती गर्दीत दिसेनाशी झाली. मोर्चा निघाला, इलिनॉयची तुकडी समोर आली तशी फुटपाथवरून उतरून सरळ त्यांच्या रांगेत चालू लागली.

आणि हक्क मिळाल्यावरचं ऐका. फेब्रुवारी १९२१ मध्ये नॅशनल वुमन्स पार्टीचं अधिवेशन. ॲडी हंटन साठ कृष्णवर्णीय बायकांचं शिष्टमंडळ घेऊन पार्टीची पुढारी ॲलिस पॉल हिच्याकडे गेली. म्हणणं साधं होतं, दक्षिणेत आम्हाला नोंदणीच्या टेबलावरून हाकलतायत, एकोणिसावी दुरुस्ती पायदळी तुडवतायत, तुम्ही आवाज उठवा. पॉलबाईंचं उत्तर, हा वंशाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नाही. ज्यांच्या तोंडून सहा महिन्यांपूर्वी 'सगळ्या स्त्रिया' ऐकलं, त्यांनीच.

अनुस्वार

हे भांडण १९१३ च्या बरंच आधीचं आहे, आणि माझ्या मते सगळ्या विषयाची गाठ तिथेच बसली आहे.

यादवी युद्ध संपल्यावर गुलामीविरोधी आणि स्त्रीहक्कवाले एकाच संघटनेत होते. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत 'पुरुष' हा शब्द पहिल्यांदा घटनेत घुसला, तिथे ठिणगी पडली. पंधराव्या दुरुस्तीत वंश आला, लिंग आलं नाही, तेव्हा भडका. मे १८६९, न्यूयॉर्कची सभा. एका बाजूला स्त्री-मताधिकाराच्या पुढारी एलिझाबेथ केडी स्टँटन आणि सुझन अँथनी, दुसऱ्या बाजूला डग्लस. डग्लसचा मुद्दा असा, की न्यूयॉर्क-न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर बायकांची निव्वळ बायका म्हणून शिकार होईल, घरातून फरफटत नेऊन दिव्याच्या खांबाला टांगलं जाईल, तेव्हा त्यांची निकड आमच्याइतकी होईल. श्रोत्यांतून कोणीतरी ओरडलं, कृष्णवर्णीय बाईचंही हेच होत नाही का? डग्लस म्हणाला: होतं, होतं, होतं. पण ती बाई आहे म्हणून नाही, काळी आहे म्हणून.

या उत्तरावर मी अनेकदा अडखळले आहे. माणूस खरं बोलतोय, आणि तरी ती बाई त्याच्याही हिशेबातून अर्धी निसटते. मळ्यावरच्या बाईवर मालक हात टाकायचा तो ती काळी म्हणून की बाई म्हणून? हे दोन वेगळे करून दाखवा बघू.

स्टँटनबाईंचा संताप मला समजतो. पन्नाशी ओलांडलेली, कायदा कोळून प्यायलेली बाई, तिला सांगतात थांब, आता तुझी पाळी नाही. पण नंतर तिने जे लिहिलं-बोललं, की हे अडाणी आयरिश, जर्मन, चिनी आणि काळे पुरुष आम्हा सुशिक्षित बायकांसाठी कायदे करणार का, ते समजून घेण्यापलीकडचं आहे. त्याच वर्षी चळवळीच्या दोन संघटना झाल्या, आणि त्या परत एक व्हायला १८९० उजाडलं.

या सगळ्यात एक नाव हटकून राहून जातं, फ्रान्सिस एलन वॉटकिन्स हार्पर. कवयित्री, स्वतंत्र कृष्णवर्णीय घरातली. १८६६ च्या अधिवेशनात गोऱ्या बायकांसमोर उभी राहून म्हणाली, तुम्ही इथे हक्कांबद्दल बोलता, मी अन्यायांबद्दल बोलते. नवरा वारल्यावर घरातलं दुधाचं सामानसुद्धा कर्जापायी कसं उचलून नेलं ते तिने सांगितलं, म्हणजे बाई म्हणून काय भोगलं ते. आणि मग ट्रॅममधून आपल्याला उतरवतात तेही, म्हणजे काळी म्हणून काय भोगलं ते. एकाच भाषणात. तीन वर्षांनी डग्लस आणि स्टँटन जे अर्धं-अर्धं बोलले ते ही आधीच पूर्ण बोलून गेली होती.

चिंचगूळ

अनुस्वारताई, हार्परवर वेगळा धागा काढाच. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

निवांत_पोपट

काडी टाकतो. एवढं अमेरिकेचं दळण दळण्यापेक्षा आपल्याकडे बघा. २६ जानेवारी १९५० ला एका फटक्यात सगळ्यांना मत. ना डोईपट्टी, ना परीक्षा, ना नवरा-बायको भेद. संपला विषय.

अनुस्वार

पोपटराव, एका फटक्यात वगैरे नाही हो. १९२१ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने बायकांवरची बंदी उठवली, पण मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे मोजक्याच पोचल्या. सायमन कमिशनपुढे १९२८ साली बाबासाहेबांनी सरसकट प्रौढ मताधिकार मागितला, तेव्हा त्यावर नाकं मुरडणारे आपल्यातलेही कमी नव्हते. आणि पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली, कारण त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नाही. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अडून बसले, नाव नाही तर मत नाही. बहुतेक उत्तरेकडच्या होत्या, पण आकडा बघा.

हा, आपला एक धागा खरोखरच तिकडे जोडलेला आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. पंधरावी दुरुस्ती तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती, आणि तिथले कृष्णवर्णीय पुरुष खरोखर मत देत होते, मिसिसिपीतून सेनेटरसुद्धा गेला होता. पुढे १८९० मध्ये त्याच मिसिसिपीने काय केलं ते बघायला जोतीराव राहिले नाहीत, नोव्हेंबर १८९० ला गेले. बाबासाहेब कोलंबियात १९१३ ते १९१६. ऐन त्याच काळात, नोव्हेंबर १९१५ ला, न्यूयॉर्क राज्यातल्या पुरुषांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव मतपेटीतून पाडला. दोन वर्षांनी तोच मंजूर केला.

निवांत_पोपट

काडी विझली. बसतो गप्प.

मी_एडिसनकर

आपल्या लोकांचा भागही येऊ द्या यात. इथे नागरिक व्हायलाच 'गोरा' असण्याची अट होती, १७९० पासून. यादवी युद्धानंतर आफ्रिकी वंशाच्यांना दार उघडलं, आशियाई बाहेरच. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. १९२३ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं, सर्वसामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो त्यात हिंदुस्थानी बसत नाही, नागरिकत्व रद्द. मग सरकारने आधी नागरिक झालेल्यांच्या मागे ससेमिरा लावला. थिंदचे वकील सखाराम गणेश पंडित (नाव ऐकून मीही सरसावून बसलो होतो) स्वतःच १९१४ साली नागरिक झालेले. त्यांच्यावरही खटला. ते मात्र लढले आणि जिंकले. मी या नागरिकत्वाच्या भरवशावर तिकडचं सगळं सोडलंय, आता उलटा फिरू नका, हा त्यांचा युक्तिवाद टिकला. १९२७ साली सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाही नकार दिला.

आणि आता कौलारूंच्या प्रश्नाशी जोडतो. १९२२ च्या केबल कायद्यानुसार, नागरिक व्हायला अपात्र असलेल्या परदेशी पुरुषाशी लग्न केलं तर अमेरिकन बाईचंही नागरिकत्व जायचं. म्हणजे १९२० साली मत मिळालेली गोरी बाई, हिंदुस्थानी माणसाशी लग्न करून बसली तर मत गायब. तो नियम १९३१ पर्यंत होता. आपल्याला दार उघडलं १९४६ साली, तेही वर्षाला शंभर माणसांचा कोटा ठेवून. दहा वर्षांनी दलीपसिंग सौंद कॅलिफोर्नियातून थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकन संसदेत.

माझा शपथविधी झाला तेव्हा हॉलच्या दारातच टेबल टाकून लीग ऑफ विमेन व्होटर्सच्या दोन आजीबाई नोंदणीचे फॉर्म घेऊन बसल्या होत्या. पाच मिनिटांत काम. कोणी कलम पुढे केलं नाही. एकीने पेन मात्र परत मागून घेतलं.

बारा_गावचं_पाणी

एडिसनकर, केबल कायद्याचं हे माहीत नव्हतं. कौलारू, १९२० बद्दल तुमचं पारडं जरा जड झालं, कबूल. पण १९६५ लाच 'खरं साल' का? कायदा काय, १८७० चाही होताच की. १९६५ ने वेगळं काय केलं?

कौलारू

हा प्रश्न यायलाच हवा होता.

आधीची पद्धत अशी, की ज्याचा हक्क डावलला त्याने कोर्टात जायचं. खटला चालणार वर्षानुवर्षं. आजोबावाली सवलत १९१५ साली रद्द झाली, गोऱ्यांपुरत्या प्राथमिक निवडणुका (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) १९४४ साली. प्रत्येक वेळी राज्यं नवीन युक्ती काढून मोकळी. अलाबामातल्या सेल्मात नोंदणी कचेरी महिन्यातून दोन सोमवार उघडायची. रांगेत उभं राहिलं की शेरीफ जिम क्लार्कचे लोक हजर. निम्म्याहून जास्त वस्ती कृष्णवर्णीय, नोंदणी त्यातल्या दोन टक्क्यांची. तिथे चळवळ जमवली ती अमेलिया बॉइंटनसारख्या स्थानिक बाईने, ती १९३० च्या दशकापासून लोकांना फॉर्म भरायला शिकवत होती. ७ मार्च १९६५ ला एडमंड पेटस पुलावर सहाशे माणसांवर लाठ्या आणि अश्रुधूर चालला. बेशुद्ध पडलेल्या बॉइंटनबाईंचा फोटो देशभर छापून आला, आणि आठ दिवसांत राष्ट्राध्यक्ष जॉन्सन काँग्रेससमोर उभा.

६ ऑगस्टला सही झालेल्या कायद्याने उलटं केलं. ज्या काउंट्यांमध्ये परीक्षा होती आणि १९६४ ला निम्म्याहून कमी मतदान, तिथली परीक्षा बंद. कारकून ऐकत नसेल तर केंद्र सरकारचा माणूस टेबल टाकून स्वतः नोंदणी करणार. आणि पाचवं कलम: तिथे निवडणुकीचा कुठलाही नियम बदलायचा तर आधी वॉशिंग्टनची परवानगी, मतदान केंद्र रस्त्याच्या पलीकडे हलवायचं असलं तरी. सिद्ध करायचं ओझं मतदाराच्या डोक्यावरून राज्याच्या डोक्यावर गेलं. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६५ ला ६.७ टक्के होती, १९६७ ला ५९.८. दोन वर्षांत. म्हणून मी ते साल धरतो.

२०१३ साली सुप्रीम कोर्टाने शेल्बी काउंटी खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी, कोणत्या भागांना परवानगी लागेल ते ठरवणारं सूत्रच रद्द केलं. परिस्थिती सुधारली, आता कशाला, असा सूर. न्यायमूर्ती गिन्सबर्गबाईंनी विरोधी निकालपत्रात लिहिलं, आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्यातला हा प्रकार आहे. टेक्सासने निकालाच्या दिवशीच ओळखपत्राचा कडक नियम लागू करत असल्याचं जाहीर केलं.

चिंचगूळ

हेमरबाईंचं पुढे काय झालं ते सांगा ना. मळ्यावरून काढलं तिथेच सोडलंत.

कौलारू

जानेवारी १९६३ ला पास झाल्या. तरी मत देता येईना, डोईपट्टीच्या दोन पावत्या नव्हत्या म्हणून. जून १९६३ मध्ये एका प्रशिक्षणाहून परतताना विनोना गावी अटक. तुरुंगात पोलिसांनी दोन कृष्णवर्णीय कैद्यांना पट्टा देऊन त्यांना मारायला लावलं. मूत्रपिंडाची आणि डोळ्याची दुखणी जन्माची मागे लागली.

१९६४ च्या ऑगस्टात अटलांटिक सिटीच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात त्या साक्षीला बसल्या. मिसिसिपीचं अधिकृत शिष्टमंडळ निव्वळ गोरं, त्याऐवजी आम्हाला बसवा ही मागणी. टीव्हीवर थेट चाललेलं. जॉन्सनने घाईघाईने पत्रकार परिषद बोलावली, कॅमेरे तिकडे वळावेत म्हणून. वळलेही. पण चॅनेलांनी रात्रीच्या बातम्यांत साक्ष पूर्ण दाखवली, तीही जास्त घरांत. पक्षाने तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या, त्यांनी झिडकारल्या. १९६८ च्या शिकागो अधिवेशनात प्रतिनिधी म्हणून बसल्या, सभागृह उठून उभं राहिलं. १९७७ ला गेल्या.

बारा_गावचं_पाणी

आणि मिसिसिपीने एकोणिसाव्या दुरुस्तीला रीतसर मंजुरी दिली १९८४ ला. आत्ताच बघितलं. म्हणजे त्यांच्या दप्तरी तुमचं १९६५ पण आधीच झालं म्हणायचं.

मी_एडिसनकर

मूळचे रहिवासी राहिले की या धाग्यात. त्यांना नागरिकत्वच १९२४ साली मिळालं, आणि ॲरिझोना, न्यू मेक्सिकोत मत १९४८ ला. ॲरिझोनाच्या कोर्टाने १९२८ मध्ये म्हटलं होतं की हे लोक सरकारच्या 'पालकत्वाखाली' आहेत, म्हणजे वेडसर माणसाच्या रांगेत. न्यू मेक्सिकोत इस्लेटा पुएब्लो या मूळ रहिवाशांच्या वस्तीतला मिगेल त्रुहियो, मास्तर, महायुद्धात मरीन म्हणून गेलेला, नोंदणीला गेला तर 'कर न भरणारे इंडियन' म्हणून परत पाठवला. त्याने कोर्टात दाखवून दिलं की राखीव प्रदेशातल्या जमिनीवरचा सोडून बाकी सगळे कर तो भरतो. जिंकला. कौलारू, उद्या कपकेक खाताना एचआरला हेही विचारा.